केमोथेरपी किती काळ?
स्वादुपिंडाचा कर्करोग अन्यत्र पसरल्यावर केमोथेरपीने आयुष्य लांबते, रोग सहसा समूळ जात नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात फोलफिरिनॉक्स या चार औषधांच्या उपचाराने निम्मे रुग्ण 11.1 महिन्यांहून अधिक जगले. केवळ जेमसिटाबीनवर हा काळ 6.8 महिने होता. अर्थात ते रुग्ण 76 वर्षांखालील व हिंडतेफिरते होते. दर पंधरवड्यास एक डोस, असे सहा महिने उपचार तेथे सुचविले होते. “पुढे काय?” हा नातेवाइकांचा प्रश्न आमच्या कार्यालयापर्यंत येतो. ऑक्झॅलिप्लॅटिनने हातपाय बधिर झाल्यास ते थांबवून उर्वरित औषधे चालू ठेवता येतात. वाणिज्य शाखेच्या आम्हांस पूर्वी डोसांची संख्या हेच यश वाटे. आता रुग्ण घरी जेवला, अंगणात फिरला, ते दिवसही डॉक्टर आम्हांस नोंदवावयास सांगतात.