काडतुसं लागतील तेवढीच

भात पोटरीत आलं की आमच्या सिंधुदुर्गात बंदूकवाल्या शेतकऱ्यांमध्ये एकच चर्चा सुरू होते, यंदा काडतुसं किती आणायची? कुणी म्हणतो, परवान्यावर आहेत तेवढी सगळी उचलावीत, पुढे मिळतील न मिळतील. कुणी म्हणतो, भाव चढायच्या आत भरून ठेवावीत. आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून शेतसंरक्षणाचा परवाना आहे, बारा बोअरची दुनळी आहे आणि ही चर्चा मी लहानपणापासून ऐकत आलोय. तिचा निकाल माझ्यापुरता लागला तो माझे चुलते वारले तेव्हा.

चुलत्यांकडेही बंदूक होती. ती कशी हाताळावी हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. भरलेली बंदूक त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत आणली नाही, नळीचं तोंड कधी माणसाकडे होऊ दिलं नाही. पण काडतुसांची टंचाई त्यांनी पाहिली होती. त्यामुळे मिळतील तेव्हा घ्यायची आणि हात राखून वापरायची, ही त्यांची सवय. दरवर्षी थोडी थोडी उरत गेली.

दिवसकार्य उरकल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची म्हणून परवाना शोधायला आम्ही त्यांची ट्रंक उघडली. वरच्या थरात प्लॅस्टिकची, अलीकडची काडतुसं होती. त्यांच्याखाली जुनी, कागदी वेष्टनाची. कोकणातले कितीतरी पावसाळे त्यांनी त्या ट्रंकेत काढले होते. कागद दमटपणानं फुगला होता, पितळेच्या बुडाला हिरवा गंज चढला होता, आणि आत चार नंबरचे छर्रे आहेत की मोठे एलजी हे सांगणारा छापही पुसला गेला होता. अगदी तळाशी काचेच्या बाटलीत ठासणीच्या बंदुकीची काळी दारू आणि केपांची डबी. ती ठासणीची बंदूक कधीच सरकारजमा झाली होती. दारू मात्र मागे राहिली. ट्रंक होती माजघरात, चुलीच्या भिंतीला लागून. नातवंडं त्याच ट्रंकेवर बसून अभ्यास करायची.

परवान्यावर लिहिलेला आकडा आणि आमच्या समोरचा ढीग यांचा मेळ बसत नव्हता. काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "बाबा, ह्याचं आता माझ्यावर येईल काय रे?"

आम्ही त्याच दिवशी सगळं जाऊन सांगितलं. दारूला आणि जुन्या काडतुसांना आम्ही हात लावला नाही. पोलीस घरी आले, पंचनामा झाला, मग ती नेली. कुणी वाईट वागलं नाही. पण नवऱ्याच्या सुतकातून नुकती उठलेली बाई पडवीत बसून उत्तरं देत होती, ही कधी घेतली, कुठून घेतली, आणखी कुठे ठेवली आहेत का. हिशेबाची वही नव्हती, त्यामुळे उत्तरंही नव्हती. पुढे कित्येक दिवस बाहेर गाडी थांबली की काकू दचकायच्या. एवढा जाच चुलत्यांना कुणाला द्यायचा नव्हता, आणि तरी तो त्यांच्या माघारी घरच्यांच्या वाट्याला आला. म्हणून जे कळलं ते इतरांसाठी लिहितो.

पहिली गोष्ट कायद्याची. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदुकीला जसा परवाना लागतो तसाच काडतुसांनाही लागतो. परवान्यावर काडतुसांचे दोन वेगळे आकडे असतात. एका वेळी जवळ किती बाळगायची हा एक, आणि वर्षभरात किती खरेदी करायची हा दुसरा. आमच्या परवान्यावर ते २५ आणि ५० आहेत. तुमच्यावर वेगळे असतील, ते वाचा. बरेच जण वर्षाचा आकडाच लक्षात ठेवतात आणि पहिला विसरतात. गेल्या वर्षीची २० शिल्लक असताना नवी २० आणली, तर वर्षाची मर्यादा पाळूनही घरात परवान्यापेक्षा जास्त साठा होतो. दुकानदार खरेदीची नोंद परवान्यावर करतो, पण घरात शिल्लक किती हे त्याला कळत नाही. तो हिशेब आपला आपण ठेवायचा.

आणि तो आकडा ही कमाल मर्यादा आहे. तेवढी काडतुसं घरात असलीच पाहिजेत असं कुणी सांगितलेलं नाही.

मग किती ठेवावीत? गेल्या दोन-तीन हंगामांत वर्षाला किती बार काढले ते आठवा. आमच्याकडे भाताला लोंबी धरल्यापासून कापणीपर्यंत रानडुकरं येतात, पुढे काजू-नारळावर माकडं आणि वांदर. बहुतेक बार हवेत, जनावर हुसकावण्यापुरते. शेतसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानडुकरालाही संरक्षण आहे, त्याला मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. हे ध्यानात घेतलं की गरज फार मोठी नाही हे दिसतं. समजा वर्षाला १२ बार होतात. त्यात निम्मी, म्हणजे ६, अडीअडचणीसाठी धरा. झाली १८. त्याच्या वर साठा नको. हंगामाच्या तोंडावर खरेदी करावी आणि पुढच्या हंगामापर्यंत चार-सहाच शिल्लक राहावीत, असा बेत ठेवावा.

शहरात स्वसंरक्षणासाठी .३२ चं रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यांना हाच हिशेब लागू पडतो. सहा गोळ्यांचं हत्यार दोन-तीनदा भरता येईल एवढ्या गोळ्या घरात पुरेत. जुन्या झालेल्या गोळ्या परवानगी असलेल्या नेमबाजी केंद्रावर सरावात संपवाव्यात आणि त्यांच्या जागी नव्या घ्याव्यात. स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी नियमही वेगळे आहेत.

टंचाईची भीती मी समजू शकतो. पण बारा बोअरची काडतुसं आपल्याच राज्यात, पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. १८६९ पासूनचा हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. माल कधी उशिरा येतो, कधी हवा तो नंबर मिळत नाही, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे गणपतीच्या आधीच दुकानात चौकशी करणं. पाच-दहा वर्षांची बेगमी करून कोकणात उपयोग नाही, कारण इथली हवा काडतूस टिकू देत नाही.

हे नीट समजून घ्या. काडतुसाच्या बुडातल्या टोपीला किंवा आतल्या दारूला ओल लागली की तीन प्रकार होतात. एक, घोडा पडतो आणि बार उडत नाही. तेव्हा बंदूक लगेच उघडू नये. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान अर्धा मिनिट थांबावं, कारण कधी कधी बार उशिरा उडतो. दोन, बार उडतो पण आवाज फुसका येतो. हा सर्वांत फसवा प्रकार. दारू अर्धवट जळते आणि गट्टा नळीतच अडकतो. त्यावर दुसरा बार काढला की नळी फुगते किंवा फाटते. अशी फुगलेली नळी मी दुरुस्तीच्या दुकानात हातात घेऊन पाहिली आहे. बाहेरून बोट फिरवलं तरी उंचवटा लागतो. आणि तो असतो नेमका जिथे आपण डाव्या हातानं बंदूक धरतो त्याच्या आसपास. तेव्हा फुसका आवाज आला की थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का पाहा. तीन, फुगलेलं काडतूस नळीत अर्धं जाऊन अडकतं. ते ठोकून आत घालू नये. गंजलेलं, फुगलेलं, छाप पुसलेलं काडतूस सरळ बाजूला काढावं.

साठवणीसाठी घट्ट झाकणाचा डबा, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि डब्यावर खरेदीचा महिना लिहिलेला. जुनी आधी वापरायची, नवी मागाहून. काडतुसांना तेल लावू नये. ते टोपीत झिरपलं की बार उडत नाही. डबा कुलपात आणि बंदुकीपासून वेगळा. बंदूक आणि काडतुसं सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी परवान्याच्या अर्जाबरोबरच घेतली जाते, ती फक्त कागदावर राहू नये. चुलीजवळ किंवा तापणाऱ्या पत्र्याखालच्या माळ्यावर काडतुसं नकोत. घराला आग लागली तर सुटी काडतुसं फुटतात आणि त्यांचे तुकडे उडतात. बाटलीतली काळी दारू तर याहून कितीतरी धोक्याची. ज्यांच्या घरी ठासणीच्या बंदुकीची अशी दारू राहून गेली आहे त्यांनी ती हलवू नये, ठाण्यात कळवावं.

साठा थोडा असला की तो मोजता येतो, हा आणखी एक फायदा. शेतावर जाताना खिशात टाकलेलं काडतूस प्रवासाच्या पिशवीत राहतं आणि विमानतळावरच्या तपासणीत सापडतं, अशी प्रकरणं वारंवार घडतात. ते नकळत राहिलं असं मानून दिल्ली उच्च न्यायालयानं असे बरेच गुन्हे रद्दही केले आहेत, पण तोवर पोलीस, वकील, तारखा हे सगळं भोगावं लागतंच. दहा-वीस काडतुसांतलं एक कमी झालं तर त्याच संध्याकाळी लक्षात येतं. शंभरांतलं एक कुणाच्या लक्षात येणार?

शेजाऱ्याला "दोन दे, नंतर परत करतो" म्हणून काडतुसं देऊ नयेत. आपला परवाना आपल्यापुरता, आणि काडतुसांचा व्यवहार असा हातोहात करता येत नाही. लग्नात, वरातीत बार काढायला तर मुळीच देऊ नयेत. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा जल्लोषाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नको असलेली काडतुसं विहिरीत, नदीत टाकू नयेत, पुरू नयेत, जाळू नयेत, फोडून दारू काढू नये. पोलीस ठाण्यात द्यावीत आणि संख्या लिहिलेली पोच घ्यावी. निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा करता तेव्हा काडतुसंही देत असाल तर तीही पोचवर लिहून घ्यावीत.

परवान्याची मुदत संपली, किंवा परवानाधारक वारला, तर बंदूक आणि काडतुसं विनाकारण वेळ न घालवता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. वारसाला नंतर स्वतःच्या नावानं परवाना मिळाला तर ती परत मागता येतात. हे घरातल्या एका तरी जाणत्या माणसाला आधीच सांगून ठेवावं. परवाना कुठे आहे, डबा कुठे आहे, वही कुठे आहे. वहीत चारच रकाने पुरतात: तारीख, आणली किती, वापरली किती, शिल्लक किती. रिकाम्या पुंगळ्याही वेगळ्या डब्यात राखून ठेवाव्यात, म्हणजे वापराला पुरावा राहतो.

आता खंडेनवमी येईल. आमच्याकडे त्या दिवशी कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर बंदूकही पुसून पूजेला मांडतात. त्याआधी काडतुसांचा डबा उघडा. एकेक काडतूस हातात घेऊन पाहा, मोजा, परवान्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा, वहीत लिहा. खराब असतील ती वेगळी काढून दसरा झाल्यावर ठाण्यात नेऊन द्या. आणि यंदा किती आणायची ते, उरलेली किती हे पाहिल्यावरच ठरवा.