निफाडचा पारा आणि आमरीचा दांडा

१. भेट म्हणून घरी येणारं ऑर्किड, म्हणजे आमरी, बहुधा फॅलेनॉप्सिस असतं. फुलं दोन-तीन महिने टिकतात, मग नुसती पानं उरतात आणि घरातलं कुणीतरी कुंडी उकिरड्याकडे न्यायला निघतं. नेऊ देऊ नका. पानं ताठ आणि मुळं टणक असतील तर हेच झाड पुन्हा फुलतं.

२. फुलांचा वाळलेला दांडा बुडातून काढावा. हिरव्या दांड्याला दुसऱ्या-तिसऱ्या डोळ्याच्या वर छाटलं, तर फुटवा येऊन फुलं लागतात. पण थोडी आणि लहान. मी हिरवाही बुडातूनच कापते. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी करून पुढच्या हंगामासाठी काडी तयार करणाऱ्या आमच्या सायखेड्यात हे कुणाला समजावावं लागत नाही.

३. फुलं आणते ती थंडी. उकाड्यात फॅलेनॉप्सिस पानं काढत राहतं. काही आठवडे रात्री १५ ते १८ अंशांच्या आसपास गेल्या आणि दिवसाही फार ऊन लागलं नाही, की पानाच्या बगलेतून दांडा सरकतो. मोठ्या शहरात त्यासाठी लोक एसी लावतात म्हणे! आपल्याकडे दिवाळीच्या सुमाराला गोदाकाठचा गारवा फुकट मिळतो. कुंडी उत्तरेकडच्या पडवीत ठेवायची, एवढंच.

मात्र हाच गारवा पुढे जीवावर उठतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली तापमानाची नोंद दर हिवाळ्यात पेपरात येते. काही वर्षी निफाडचा पारा ५-६ अंशांवर उतरतो. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ते उगाच नाही. मूळचं दमट, उष्ण जंगलातलं हे झाड १२-१३ अंशांखाली कुढतं, पानांवर खोलगट डाग पडतात. रात्र तिथवर उतरायला लागली की कुंडी घरात. गारवा द्यायचा, कडाका नाही.

४. ‘फुलासाठी ०:५२:३४ सोड’ असा सल्ला इथे हमखास मिळतो. गारवा नसेल तर या खतातलं स्फुरद कितीही द्या, दांडा येत नाही. वाढीच्या दिवसांत १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. बागेच्या मात्रेने द्याल तर मुळांची टोकं जळतील.

५. पाणी वार बघून घालू नये, मुळं बघून घालावं. रुपेरी दिसली की घालायचं, हिरवी असेपर्यंत नाही. मधल्या पोंग्यात पाणी साचलं की झाड कुजतं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पावसाचं साठवलेलं बरं. आणि नर्सरीतून येतं ते ओलं शेवाळ फुलं संपल्यावर काढून कोळसा आणि धुतलेल्या नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत.

६. नवीन कोंब दांड्याचा की मुळाचा? गोल, गुळगुळीत टोकाचं ते मूळ. चपटं, अंगठ्यासह मिटलेल्या मुठीसारखं दिसतं तो दांडा. ओळख पटेपर्यंत मिठाई वाटू नये.

७. दांडा निघाल्यावर कुंडीची दिशा बदलू नका, तो उजेडाकडे वळताना वाकडातिकडा होतो. कळ्या धरल्यावर जवळ पिकती केळी, पपई ठेवू नका. फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या पिवळ्या पडून गळतात. देवघरातला धूरही लांबच बरा. द्राक्षांतून हा वायू नाममात्रच निघतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत बागेतून आलेलं क्रेट शेजारी राहिलं तरी चालतं.