बुरूज बांधण्याआधीचा हिशेब

शास्त्रवाचन : लूक 14:28–30, याकोब 2:14–17
मुख्य विचार : मुलीला पथकात पाठवण्याआधी खर्च मोजावा, आणि जो एका घराला पेलत नाही तो मंडळीने वाटून घ्यावा.



शाळेतून आलेली मुलगी दप्तर टाकते आणि म्हणते, “आई, मला गाईडमध्ये जायचंय.” आईच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, “पैसे किती पडतील?” हा प्रश्न ऐकून कोणी नाक मुरडू नये. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूनेच शिकवले आहे. पाया घालून काम अर्धवट सोडणे हे हिशेब करण्यापेक्षा वाईट.

भोपाळच्या महाराणा प्रताप नगराजवळची एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. 1956 साली भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूरकडून नोकरीनिमित्त पुष्कळ मराठी कुटुंबे इकडे आली. त्यांतल्याच एका घरातली ही सून. एम. पी. नगरात कोचिंग क्लासला येणाऱ्या मुलांना ती जेवणाचे डबे पुरवते. तिची अकरा वर्षांची मुलगी मोठ्या हौसेने पथकात जाऊ लागली. शिबिराची चिठ्ठी घरी आली आणि मुलगी यायची बंद झाली. संडेस्कूलच्या बाईंनी विचारले तेव्हा आई म्हणाली, “तिला आवडत नाही हो बाई.” खरी गोष्ट पुढे कळली. गणवेश, शिबिर आणि शाळेची फी एकाच महिन्यात आली होती; शिवाय संध्याकाळी डब्यांची घाई, मुलीला आणायला कोण जाणार? त्या माउलीने आपली लाज झाकली. चूक आमची होती. आम्ही “देव तुझे बरे करो” म्हणालो आणि पुढे गेलो. याकोबाने नेमके ह्याच वागणुकीवर बोट ठेवले आहे.

पथकाची थोडी माहिती

आपल्या देशात गाईड चळवळ 1911 साली जबलपूर येथे सुरू झाली. आरंभी ती युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलींपुरती होती. भारतीय मुलींना तिचे दार 1916 साली उघडले. 1951 साली गर्ल गाईड्सची संस्था भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये सामील झाली. दहा वर्षांखालील मुली बुलबुल, दहाच्या पुढच्या गाईड आणि त्यांहून मोठ्या रेंजर. बहुतेक पथके शाळांतून चालतात. पण शाळेबाहेरही खुले पथक काढता येते. त्याची जिल्हा संघाकडे नोंदणी करावी लागते आणि ते चालवणाऱ्या बाईंना प्रशिक्षण घ्यावे लागते.

“आपल्या विश्वासाला बाध येईल का?” असेही पालक विचारतात. गाईडच्या वचनात देवाविषयीचे कर्तव्य पहिले येते. मग देश, दुसऱ्यांना मदत आणि गाईडचे नियम. पथक सर्व धर्मांच्या मुलींचे असते. आपल्या मुलीने तेथे नम्रपणे व निर्भयपणे ख्रिस्ती म्हणून राहावे, एवढे घरी शिकवले म्हणजे पुरे.

खर्च कसा मोजावा

वहीत चार ओळी आखा : नोंदणी, गणवेश, येणेजाणे, शिबिर. प्रत्येकीपुढे पथकाच्या बाईंना विचारूनच आकडा लिहा. नोंदणी थोडक्यात भागते. गणवेशात नुसता पोशाख धरू नका. स्कार्फ, पट्टा, बूट, मोजे हेही धरा. शिबिराच्या फीशिवाय अंथरूण, ताट-वाटी आणि प्रवास असतोच.

समजा, नोंदणी व किरकोळ 300 रुपये, गणवेश 1,200 आणि शिबिर 900. एकूण 2,400 झाले. हे आकडे केवळ उदाहरणाचे. महिन्याला 200 रुपये बाजूला काढणे पुष्कळ घरांना जमते. तेच 2,400 एका आठवड्यात मागितले की घर डगमगते. म्हणून पालकांनी वर्षारंभीच सगळा खर्च विचारावा आणि बाईंनी तो आपण होऊन सांगावा. शिबिराची चिठ्ठी आयत्या वेळी पाठवू नये.

पैशाखेरीज तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मुलीला कोण नेणार व कोण आणणार? एम. पी. नगरात संध्याकाळी रहदारी फार. तीन-चार घरांनी पाळ्या लावाव्यात. दुसरी, शिबिरात जबाबदार बाया किती, मुक्काम कोठे आणि निरोप कोणत्या फोनवर द्यायचा, हे लेखी घ्यावे. मुलीचे औषधपाणी काही असेल तर तेही लिहून द्यावे. तिसरी, शिबिर रविवारी आले तर मुलगी उपासनेला मुकेल. त्याविषयी पाळकसाहेबांशी व बाईंशी आधीच बोलावे.

मंडळीने काय करावे

एक, गणवेशाची पेटी ठेवावी. मुली भराभर वाढतात. लहान झालेला गणवेश धुऊन, इस्त्री करून पेटीत टाकावा. सर्वच मुलींनी आधी पेटीत पाहावे, म्हणजे गरजू कोण हे उघडे पडत नाही. नवा शिवताना खाली दुमड जास्त ठेवावी.

दोन, महिला मंडळाने लहानसा निधी ठेवावा. त्याचा हिशेब दोघींनी पाहावा, पण मदत घेणाऱ्या मुलीचे नाव सभेत वाचू नये.

तीन, आपल्यातील एखाद्या भगिनीने गाईडचे प्रशिक्षण घ्यावे आणि तिचा खर्च मंडळीने उचलावा. पथक कापडावर चालत नाही. आठवड्यामागून आठवडे वेळ देणाऱ्या बाईवर चालते. हा खर्च सर्वांत मोठा आहे आणि आपण तोच मोजायला विसरतो.

1916 पूर्वी आपल्या मुलींना वर्णामुळे दाराबाहेर राहावे लागले. आज तसा नियम नाही. पण हिशेब न सांगणारी मंडळी आणि लाजेने गप्प बसलेली आई मिळून तेच दार पुन्हा लावतात. ती अकरा वर्षांची मुलगी परत पथकात आली नाही. पुढच्या मुलीच्या वेळी तरी आपण आधी बसून हिशेब करू या, आणि तो एकत्र करू या.

वर्गात चर्चेसाठी

1. आपल्या वर्गातील एखादी मुलगी “आवडत नाही” म्हणून गळली आहे काय? तिच्या घरी कोण व कधी भेट देईल?
2. याकोब 2:15–16 मधील चूक आपल्या मंडळीत कोणत्या रूपाने घडते?
3. गणवेशाची पेटी कोठे ठेवावी व ती कोणी सांभाळावी?

प्रार्थनेचा विषय : न बोलता मागे राहणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया.