विंडोजचे खेळ लिनक्सवर

वसई परिसरात घरी कादोडी बोलणाऱ्या बालकास शिक्षक प्रमाण मराठी उलगडून सांगतात. संगणकाचेही तसेच आहे. विंडोजसाठी रचलेला खेळ लिनक्सला थेट उमगत नाही. १९९३ साली सुरू झालेली 'वाइन' ही विनामूल्य आज्ञावली तेथे दुभाष्याचे काम करते. खेळाने विंडोजकडे केलेली मागणी ती लिनक्सच्या भाषेत पोहोचविते. तिच्याच आधारे २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने 'प्रोटॉन' उपलब्ध केले. मात्र लबाडी रोखणारी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन खेळ त्यावर चालत नाहीत.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा शाळांनी व ग्रामपंचायतींनी जुने संगणक मोडीत काढण्यापूर्वी एका संगणकावर लिनक्स बसवून नेहमीचे शैक्षणिक खेळ तपासून पाहणे हितावह ठरेल.