आश्रयनगराची वाट

शास्त्रपाठ : अनुवाद १९:१-१०, लूक १४:२८-३०

अनाथ, विधवा व वृद्ध ह्यांच्याकरिता एखादे आश्रयगृह काढावे अशी इच्छा आमच्या मंडळ्यांतील कित्येक तरुणांच्या मनात उत्पन्न होते. ती देवापासून आहे असे मी मानितो, आणि तिला हसणाऱ्या वडील मंडळीविषयी मला खेद वाटतो. परंतु ती बहुधा इमारतीपाशी जाऊन थांबते. फाटकावर कोणते नाव घालावे हे ठरलेले असते. विहिरीला पाणी लागेल काय, हे कोणी पाहिलेले नसते.

अनुवादाच्या १९ व्या अध्यायात परमेश्वर इस्राएलास आश्रयाची नगरे वेगळी करावयास सांगतो, व तेथवर जाण्याचा मार्गही तयार करावयास लावितो. वाट लांब पडली तर जीव घेऊन पळणारा मध्येच गाठला जाईल, असे कारणही तेथे दिले आहे. शिवाय ही सर्व तयारी कोणी पळत येण्याच्या अगोदर व्हावयाची होती, हे लक्षात घ्यावे.

ह्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. पंडिता रमाबाईंचे आईबाप व वडील बहीण दुष्काळाच्या दिवसांत मरण पावली. तेव्हा भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदासदन उघडले व १८९० साली ते पुण्यास नेले. अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे साह्य करण्याचे वचन दिले होते. ती दहा वर्षे संपावयाचीच, हे बाई जाणून होत्या. यास्तव फळबाग करावी व तिच्या उत्पन्नावर सदन चालावे ह्या हेतूने त्यांनी केडगाव येथे जमीन घेतली आणि विहिरी खणविल्या. पुढे १८९६-९७ साली मध्य प्रांतांत दुष्काळ पडला. बाई फाटक उघडून बसून राहिल्या नाहीत. स्वतः तिकडे गेल्या व उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवणे कठीण झाले, तेव्हा बागेसाठी घेतलेली ती जमीन उपयोगी पडली. केडगाव आगगाडीच्या मार्गावर आहे, हाही केवढा लाभ! तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० साली गुजराथेतील दुष्काळपीडित मुलींनाही तेथे आश्रय मिळाला.

आलेल्या मुली नुसत्या जेवीत बसल्या नाहीत. शेती, विणकाम, छापखाना ही कामे त्या शिकल्या. कित्येक शिक्षिका झाल्या. उपकार घेणाऱ्याचे हात रिकामे ठेवणे ही माझ्या मते दयेची अर्धवट रीत होय. १९२१ साली कन्या मनोरमाबाई व ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाई निवर्तल्या, तरी ते गृह बंद पडले नाही.

लूकच्या वचनातील बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करितो. आज त्या हिशेबात सरकारी नोंदणीही धरावी. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे निराधार मुलांचे गृह नोंदणीवाचून चालविता येत नाही. कित्येक बंधूंना ही अडचण वाटते; परंतु परक्याची लेकरे सांभाळणाऱ्याची कोणी चौकशी करावी हे योग्यच आहे.

येत्या प्रार्थनासभेत पुढील प्रश्नांवर विचार करावा. आपल्या गावात आज रात्री कोणास निजावयास जागा नाही? त्याच्या घरी मंडळीपैकी कोण गेले आहे? आश्रयगृह निघालेच, तर पहिल्या वर्षाचे धान्य कोणाच्या शेतातून येईल, आणि चालक आजारी पडल्यास किल्ल्या कोणाच्या हाती असतील?