सिंगापूर की बँकॉक? मुलांना घेऊन ठरवताना

मुंबईहून बँकॉक साडेचार तासांच्या आसपास, सिंगापूर साडेपाच. दोन्हीकडे थेट विमानं जातात आणि मुलांना घेऊन पहिल्यांदाच परदेशी निघालेलं मराठी कुटुंब बहुतेक या दोन नावांपाशी येऊन थांबतं. आमचंही तसंच झालं. पुढे वेगवेगळ्या वर्षी, मुलं वेगवेगळ्या वयाची असताना, दोन्ही शहरं पाहून झाली. आता नात्यातलं किंवा ऑफिसातलं कुणी विचारतं तेव्हा प्रेक्षणीय स्थळांवर मी सगळ्यात शेवटी येते. आधी सांगते ते असं.

१. मुलांबरोबरच्या दिवसाचा मोठा भाग दोन ठिकाणांच्या मधे जातो, हे मला सिंगापुरात लख्ख कळलं. हॉटेलपासून स्टेशन, तिथून तिकिटाची रांग, रांगेतून स्वच्छतागृह, मग पाण्याची बाटली भरायची, मग पुन्हा चालायचं. मोठ्यांच्या आठवणीत यातलं काहीच उरत नाही, पण मुलांचा दिवस यातच चांगला जातो किंवा बिघडतो. सिंगापूरने या मधल्या वेळाचा फार मनापासून विचार केला आहे. मेट्रो स्टेशनांत लिफ्ट आहेत, पदपथ सलग आहेत, नळाचं पाणी थेट पिता येतं. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. दुपारी तो बाबागाडीत झोपायचा आणि त्याला न उठवता आम्ही शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचो. एवढ्या लहान मुलाच्या आईबापांना याहून मोठी चैन कुठलंही शहर देऊ शकत नाही, असं मला आजही वाटतं. जाच एकच. मेट्रोत खायला-प्यायला बंदी आहे आणि ५०० डॉलर दंडाची पाटी समोरच दिसते. भुकेलं मूल असेल तर स्टेशनात शिरण्याआधी लाडू हातात द्यावा.

२. बँकॉकमध्ये हाच मधला वेळ सर्वांत कष्टाचा आहे, आणि सर्वांत आनंदाचाही. पदपथ मधेच उखडलेले, मधेच खाण्याच्या गाड्यांनी भरलेले. १९९९ साली सुरू झालेली उन्नत रेल्वे उत्तम आहे, पण लिफ्ट शोधत स्टेशनाच्या दुसऱ्या बाजूला जावं लागण्याची तयारी ठेवायची. बाबागाडी इथे ओझंच होते. पण सफान ताक्सिन स्टेशनाखाली उतरलं की चाओ फ्राया नदीचा धक्का लागतो, आणि तिथून पुढे मुलांचा मूडच पालटतो. नारिंगी झेंड्याची बोट धक्क्याला लागताना मागच्या टोकाला उभा असलेला कर्मचारी शिट्टी वाजवून चालकाला इशारे देतो. थोडं मागे, अजून जवळ, आता थांब. आमच्या मुलांनी ती शिट्ट्यांची भाषा आमच्या आधी ओळखली आणि पुढच्या धक्क्याला काय होणार ते आम्हाला सांगू लागली. बोटीत शाळेची मुलं, बाजारहाट करून निघालेल्या बायका, आणि भिक्षूंसाठी राखलेली जागा. वाट फो देवळापासून समोरच्या वाट अरुणला जाणारी नाव काही मिनिटांत पैलतीर गाठते. त्या काही मिनिटांसाठी मुलांना पुन्हा पुन्हा अलीकडे-पलीकडे करायचं होतं, आणि आम्ही ते करू दिलं. रेल्वेत मूल दिसलं की कुणीतरी उठून जागा देतं, हेही इथलंच.

३. घड्याळ मुलांच्या अंगात असतं, हॉटेलच्या भिंतीवर नसतं. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, बँकॉक दीड तास. म्हणजे सिंगापुरात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा मुलांच्या अंगात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, खेळायला खाली उतरायची वेळ. त्यामुळे १९९४पासून चालू असलेली नाइट सफारी किंवा गार्डन्स बाय द बेमधला सुपरट्रींचा दिव्यांचा खेळ मुलं ताजेपणी बघतात. शहर विषुववृत्ताला अगदी लागून असल्याने बारा महिने सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्याच सुमारास मावळतो. सकाळी आठला मात्र मुलांना उठवणं म्हणजे पहाटे साडेपाचला उठवणं. बँकॉकमध्ये उलटं. राजवाडा साडेआठला उघडतो आणि उन्हामुळे तो तेव्हाच बघायला हवा. आपल्या हिशेबात ते सात होतात, बहुतेक शाळकरी मुलं एव्हाना उठलेलीच असतात. सिंगापूर संध्याकाळी जगावं आणि बँकॉक सकाळी.

४. मे महिना दोन्ही शहरांत सारखा नसतो. एप्रिल-मे हा बँकॉकचा सर्वांत कडक उन्हाळा. तिथल्या शाळांना साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, म्हणजे स्थानिक कुटुंबंही बाहेर पडलेली. सिंगापूर बारा महिने उष्ण आणि दमट, पाऊस कधीही एखादी जोरदार सर टाकून जातो, पण आडोसा नेहमी जवळ असतो. तिथल्या शाळांची मधली मोठी सुट्टी जूनमध्ये लागते, त्यामुळे मे महिन्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर रांगा सुसह्य असतात. दिवाळीच्या सुट्टीत पारडं फिरतं. बँकॉकचा पाऊस ओसरत आलेला असतो आणि सुट्टी थोडी पुढे ओढता आली तर लॉय क्रथाँग बघायला मिळतं. हा सण बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येतो. केळीच्या खांबाच्या चकतीवर पानं, फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून लोक ती नदीत सोडतात. आपल्याकडे या पौर्णिमेला नदीवर दिवे सोडताना पाहिलेल्या मुलांना त्यात काहीच समजावून द्यावं लागत नाही. मुलाला दम्याचा त्रास असेल तर एवढं ध्यानात ठेवा, की जानेवारी-फेब्रुवारीत बँकॉकच्या हवेत सूक्ष्म धूळ वाढते, आणि काही वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये सुमात्रातल्या वणव्यांचा धूर सिंगापूरवर येतो.

५. गोष्ट ओळखीची असली की देवळातही मुलं रमतात, आणि नुसती रमत नाहीत, आपल्याला पुढे ओढत नेतात. १७८२ साली बांधायला घेतलेल्या राजवाड्याच्या आवारात वाट फ्रा केओ आहे. त्याच्या भोवतालच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे थायलंडचं रामायण, १७८ चित्रांत रंगवलेलं आहे. सोनेरी रंगाचे महाल, पांढराशुभ्र हनुमान, हिरव्या तोंडाचा रावण. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती आणि आजीकडून रामायण ऐकत मोठी झालेली. ती भिंतीला लागून चालत राहिली आणि ओळखीचे प्रसंग शोधत राहिली. सासूबाई बरोबर होत्या. इथल्या कथेत हनुमान ब्रह्मचारी नाही, सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या रावणाच्या मत्स्यकन्येवर, सुवण्णमच्छावर, त्याचं मन जडतं आणि त्यांना मुलगाही होतो, हे मी सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या. मारुतीच्या देवळात शनिवार न चुकवणारी बाई ती. मग म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे मकरध्वज आहेच की." आणि तिथेच, सावलीतल्या कट्ट्यावर टेकून, त्यांनी मुलांना लंकादहनानंतर समुद्रात पडलेल्या घामाच्या थेंबाची आणि तो गिळणाऱ्या मगरीची गोष्ट सांगितली. शेजारी कुठल्या कुठल्या देशांचे पर्यटक फोटो काढत पुढे सरकत होते. त्या अर्ध्या तासासाठी मी कुठल्याही थीम पार्कचं तिकीट आनंदाने सोडून देईन. परतताना सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचं प्रचंड शिल्प दिसलं, तेव्हा देव कुठल्या बाजूला आणि दानव कुठल्या, हे मुलांनीच आजीला दाखवलं. वाट फोमधल्या ४६ मीटर लांबीच्या निद्रिस्त बुद्धामागे १०८ भांडी ओळीने मांडलेली आहेत. एकेका भांड्यात नाणं टाकत जायचं, त्याचा नाद सबंध दालनात घुमतो. धाकट्याचं बँकॉक म्हणजे तो आवाज. हे सारं मूल सात-आठ वर्षांचं झाल्यावरच पोचतं. तीन वर्षांच्या पोराला तिथे फक्त ऊन लागेल. आणि खांदे-गुडघे झाकणारे कपडे मुलांनाही घाला.

६. प्राण्यांच्या बाबतीत सिंगापूरला तोड नाही. तिथलं प्राणिसंग्रहालय १९७३ साली उघडलं तेव्हापासून पिंजऱ्यांऐवजी चर, पाणी आणि झाडी वापरून प्राणी ठेवतं. ओरांगउटान डोक्यावरच्या फांद्यांतून जातो तेव्हा मुलं बोलायची थांबतात. नातेवाइकांनी दिलेल्या जुन्या यादीत जुरांग पक्षी उद्यान असेल तर ते खोडा. ते २०२३मध्ये बंद झालं आणि त्याच वर्षी मंदाई भागात, प्राणिसंग्रहालयाच्या शेजारीच, बर्ड पॅराडाइज सुरू झालं. बँकॉकचा प्राणी आम्हाला फुकट दिसला. लुंफिनी बागेच्या तळ्याकाठी माणसाइतक्या लांब घोरपडी निवांत ऊन खात पडलेल्या असतात. सिंहगडाच्या यशवंतीची दंतकथा ऐकलेल्या मुलांना दुसरं काय हवं! हत्तीवर बसण्याची सोय थायलंडमध्ये पुष्कळ ठिकाणी दाखवतात, ती मात्र कळकळीने सांगते, घेऊ नका. हत्तीला ते शिकवताना फार छळलं जातं.

७. जेवणाची काळजी दोन्हीकडे मिटते. सिंगापुरात सेरांगून रोडवर १९४७पासूनचं कोमला विलास आहे, डोसा-भात कधीही. बँकॉकमध्ये फिश सॉस कशातही असू शकतो, पण पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांची खूण दिसली की ते 'जे' पद्धतीचं, मांस-मासळी नसलेलं अन्न. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या आजीची त्यावर छान सोय झाली.

८. सिंगापूर महाग आहे, पण मुलांसाठीचं पुष्कळ काही तिथे विनामूल्य आहे. गार्डन्स बाय द बेमधली पाण्याचे फवारे असलेली मुलांची बाग, १८५९ साली स्थापन झालेलं आणि २०१५पासून जागतिक वारसा असलेलं बोटॅनिक गार्डन, चांगी विमानतळावरच्या ज्वेलमधला ४० मीटर उंचीचा धबधबा. तिकिटाचे दिवस मोजके ठेवले तर खर्च आटोक्यात राहतो. युनिव्हर्सल स्टुडिओला जायचं असेल तर आधी घरी मुलांची उंची मोजा आणि प्रत्येक राइडची अट बघा. बँकॉकमध्ये त्याच पैशांत ऐसपैस खोली आणि पोहण्याचा तलाव मिळतो, आणि मुलांना तलावापुढे दुसरं काही सुचत नाही.

९. दोन्ही शहरं एकाच सहलीत करू का, हा प्रश्न हमखास येतो. दोन शहरांमधलं विमान अडीच तासांच्या आतबाहेर आहे, पण सामान बांधणं, विमानतळ, पारपत्राच्या रांगा आणि नवं हॉटेल यांत मुलांचा अख्खा दिवस जातो. कागदपत्रंही वेगळी. सिंगापूरसाठी भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागतो, थायलंडचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकिटं काढण्याआधी दूतावासाचं संकेतस्थळ बघा. आठवड्याभराचीच सुट्टी असेल तर एकच शहर घ्या. बाबागाडीतलं मूल किंवा गुडघे दुखणारे आजोबा बरोबर असतील आणि मे महिना असेल, तर सिंगापूर. मुलं आठच्या पुढची असतील आणि दिवाळीची सुट्टी असेल, तर बँकॉक, आणि आजीला नक्की बरोबर न्या.