सव्वा महिन्यानंतरचं रडणं

आई-बाबांनो, आज जे बोलायचंय ते बारशाच्या घरात कुणी काढत नाही. अभद्र वाटतं. पण तान्ह्या बाळाचा जीव घरातल्याच माणसाच्या हातून जातो, असं घडतं. बातमी वाचली की आपण म्हणतो, राक्षसच असणार तो. असं म्हटलं की विषय आपल्या उंबऱ्याबाहेर जातो आणि आपण सुटतो. अशा घटना तपासणाऱ्या डॉक्टरांना मात्र जगभर फार वेळा भेटली ती साधी, थकलेली माणसं. रात्र रात्र न झोपलेली आई, बाप, आईचा जोडीदार, मूल सांभाळणारं कुणीतरी. आणि निमित्त बहुतेकदा एकच, बाळाचं रडणं थांबत नव्हतं. भद्रा मारुतीला नवस बोलून झालेलं किंवा दर्ग्यात चादर चढवून मागितलेलं लेकरूही रात्री दोन वाजता तसंच रडतं.

या रडण्याला वेळापत्रक आहे, हे आपल्याला कुणी सांगत नाही. 1962 साली ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी 80 बाळांच्या आयांना रोजच्या रडण्याची नोंद ठेवायला लावली. रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत गेलं, सहाव्या आठवड्याला शिगेला पोचलं आणि मग उतरत गेलं. सहाव्या आठवड्यात ही धडधाकट बाळं दिवसाला सरासरी पावणेतीन तास रडत होती, तीही जास्त करून संध्याकाळी. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, दृष्ट काढून झाली, तरी रडतंय. तीन-चार महिन्यांचं होईतो बहुतेकांचं आपोआप कमी होतं. आईचं दूध कमी पडतं म्हणून किंवा तिला सांभाळता येत नाही म्हणून हे होत नसतं. सासूबाईंनी एवढं एक वाक्य सुनेला ऐकवलं तरी त्या घरावर उपकार होतील.

आता हे वेळापत्रक आपल्या चालीरीतींशेजारी ठेवून बघा. सव्वा महिना बाळंतिणीची बडदास्त असते. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, न्हाऊ-माखू घालणारी बाई, रात्री बाळ घ्यायला आई नाहीतर मावशी. सव्वा महिना फिटला की लाडू संपतात आणि मालिशवाली बंद होते. कुणी माहेराहून सासरी येते, कुणाला अद्रकीच्या नाहीतर कपाशीच्या वावरात बोलावणं येतं. नवरा वाळूजच्या कंपनीत रात्रपाळीला. सरकारी व्यवस्थेचंही तेच. आशाताईंच्या घरभेटी, ज्यांची मुळं डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामात आहेत, त्या 42 व्या दिवशी संपतात. पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे रडणं शिगेला असतं नेमक्या त्याच आठवड्यात घरातली, दारातली माणसं पांगतात. मला विचाराल तर खरा धोका इथं आहे. सव्वा महिन्याची मदत तीन महिन्यांवर न्या. लाडू नसले तरी चालतील, रात्रीचा एक माणूस हवा.

तो नसला की नेमकं होतं काय? चिडलेलं माणूस बाळाला बखोटीला धरून गदागदा हलवतं. मारलं नाही, नुसतं हलवलं, असं त्याला वाटतं. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, जन्मतः लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा. मानेत बळ नसतं, मेंदू मऊ असतो. डोकं मागं-पुढं हिसडलं की मेंदूवरच्या बारीक शिरा तुटतात, आत रक्त साचतं, मेंदूला सूज येते. हे काही सेकंदांत होतं. बाहेर ओरखडाही नसतो. बाळ गप्प होतं, आणि हलवणाऱ्याला वाटतं, झोपलं एकदाचं.

इंग्लंडमधल्या हल शहरातले मेंदूचे सर्जन गथकेल्च यांनी 1971 साली हे पहिल्यांदा नीट मांडलं. डोक्यावर माराची खूण नाही आणि आत रक्तस्राव, अशी बाळं त्यांच्याकडे येत होती. पालक बाळाला हलवल्याचं सांगायचे, कारण मारण्यापेक्षा हलवणं लोकांना सौम्य वाटायचं. याच गथकेल्चनी म्हातारपणी बजावलं की असा प्रत्येक रक्तस्राव म्हणजे गुन्हा नव्हे, आजारही असू शकतो. तेव्हा शेजारच्या घरावर बोट दाखवायची घाई नको. आणि उगाच घाबरूही नका. पाळण्याच्या झोक्यानं किंवा रिक्षाच्या दचक्यांनी हे होत नाही. मात्र न्हाणीत बाळाला पायाला धरून उलटं लोंबकळवतात किंवा वर उडवून झेलतात, ते आजपासून बंद.

बाळाला कसंही करून गप्प करायची आपलीही जुनी रीत आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका कामावर जाताना तान्ह्याला अफूची बाळगोळी द्यायच्या. 1922 साली डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा 98 टक्के तान्ह्यांना अफू मिळत असल्याचं त्यांनी लिहिलं. त्या आया काही क्रूर नव्हत्या. गिरणीचा भोंगा व्हायचा आणि घरी कुणी नसायचं. आज अफू गेली, पण गुटीत जायफळाचा एक वेढा जास्त उगाळणं आणि झोप येते म्हणून सर्दीचं औषध पाजणं गेलेलं नाही. दोन्हीनं जीव जाऊ शकतो.

मग करायचं काय? डोकं तापलं, हात शिवशिवायला लागले की बाळाला पाळण्यात किंवा जमिनीवर अंथरलेल्या गोधडीवर उताणं ठेवा आणि खोलीबाहेर या. दार लोटून घ्या. ओट्यावर बसा, पाणी प्या, बहिणीला फोन लावा. दहा मिनिटं रडल्यानं बाळ मरत नाही. थोडं निवळलात की जाऊन बघा, नाहीच जमलं तर पुन्हा बाहेर या. रडताना ताप, उलट्या, दूध न ओढणं असलं तर मात्र वाट न बघता दवाखाना. दीड महिन्याच्या लशीच्या डोसानंतर बाळ जास्त किरकिर करतं, त्या रात्रीचं माणूस आधीच ठरवा.

हे आईला सांगून भागत नाही. बाळ ज्याच्या ज्याच्या हातात जातं त्या प्रत्येकाला सांगा. वडिलांना आधी, कारण रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या हातात बाळ देऊन आपण पाण्याला जातो. पिऊन आलेल्याच्या हातात बाळ द्यायचंच नाही, मग तो कुणी का असेना. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात डॉ. मार्क डायस यांनी बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी सोडताना आई-वडील दोघांनाही हे समजावून सही घेतली, तर अशा इजा 47 टक्क्यांनी घटल्या. पुढं अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यांत तसलाच कार्यक्रम एवढा लागू पडला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. सांगणं कानापर्यंत जातं, रात्री बाळ घ्यायला मात्र माणूसच लागतं.

काही आयांचं दुखणं वेगळं असतं. भारतातल्या 38 अभ्यासांचा आढावा 2017 साली निघाला, त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण 22 टक्के निघालं, पाचातल्या एकीहून जास्त. अशी आई शून्यात बघत बसते, बाळाला जवळ घेत नाही. क्वचित एखादी हे लेकरू माझं नाहीच म्हणते, कानात कुणी बोलतंय म्हणते, ते दुखणं नैराश्याहून वेगळं. तिसरी मुलगी झाली म्हणून घर तिच्याशी बोलत नसेल तर आणखीच. हे बाहेरचं नाही, माहेरचे लाडही नाहीत. तिला एकटं ठेवू नका. 14416 वर टेलि-मानसला फोन करा. कानात बोलणं ऐकू येत असेल तर त्याच दिवशी घाटी रुग्णालय गाठा.

आणि ज्यांना मूल नकोच आहे, किंवा पाळणं शक्यच नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. 1863 साली पुण्यात जोतीराव फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या काशीबाई या तरुण विधवेनं जन्मलेल्या बाळाला मारलं. तिला जन्मठेप, काळं पाणी झालं. पुण्यानं तिला नावं ठेवली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा म्हणून. 1875 साली पंढरपुरातही असंच गृह उभं राहिलं. आज हीच सोय कायद्यात आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 35 प्रमाणे आई-वडील बाल कल्याण समितीकडे मूल सोपवू शकतात. तो गुन्हा नाही, आणि मन बदललं तर फेरविचाराला दोन महिने मिळतात. 1098 वर विचारलं की रस्ता सांगतात. उकिरडा, विहीर, दर्ग्याची पायरी यांची गरज नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. बाळाला हलवणं हातून घडलंच, आणि ते मलूल पडलं, डोळे फिरवले, आचके आले, टाळू फुगली, तर 108 ला फोन लावा. ग्रामीण रुग्णालयात विचारतील, काय झालं? तिथं ‘पाळण्यातून पडलं’ म्हणू नका. ‘मी हलवलं’ म्हणा. पुढचं पुढं बघता येईल, पण त्या दोन शब्दांवरून डॉक्टर कुठं बघायचं ते ठरवतात आणि डोक्याचा स्कॅन लवकर होतो. मलूल बाळाला जागं करायला पुन्हा हलवायचं नाही. मानेखाली हात द्या, डोकं सरळ धरा, आणि दौलताबादचा घाट उतरून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत तसंच धरून बसा.